आत्या आणि स्पेनचा मास्तर

बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते इतकंच, "संस्कृत घेतलं असतं तर निदान घरात पोथी तरी वाचली असती."

वडील नागपूरला सरकारी कचेरीत कारकून होते. मौद्याकडच्या शेतकरी घरातून शिकून शहरात आलेले आमच्या कुळातले पहिलेच. मुलीला कॉलेजात घातलं म्हणून नातेवाइकांचं बरंच बोलणं त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं, त्यामुळे त्यांचा राग मला कधी फार लागला नाही. शिवाय घरात आत्या होती. आत्यापुढे त्यांचा राग दोन दिवसांवर टिकत नसे.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिला कळमेश्वरजवळच्या एका गावी दिली होती. घरचं शेत होतं, संत्र्याची बाग होती. लग्नाला सात-आठ वर्षं झाली आणि तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर काही वर्षं ती सासरीच राहिली आणि मग एक दिवस लोखंडी ट्रंक घेऊन आमच्याकडे आली ती कायमचीच. सासरच्यांनी तिला कधी वाईट वागवलं नव्हतं, हे ती स्वतःच सांगायची. मग ती सासर सोडून का आली? हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारत नसे. मीही कधी विचारला नाही.

तिला अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखी ती स्वतःविषयीसुद्धा 'मी जातो, मी करतो' असंच बोलायची. कॉलेजात गेल्याच्या नव्या नवलाईत मी एकदा तिला सुधारायला गेले, तर म्हणाली, "तुले लिहायचं ते तुह्या वहीत लिव्ह वं. माह्या तोंडात काहून लिहून राहिली?"

पुढे दुसऱ्या महायुद्धाची मोठी लढाई सुरू झाली, त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधीची ही गोष्ट आहे.

आमचे तत्त्वज्ञानाचे सर पन्नाशीतले, विधुर. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, खिशात तपकिरीची डबी. वर्गात ते फार कंटाळवाणं शिकवत. हे मी त्यांच्यावरच्या पूर्ण प्रेमानं लिहिते आहे. पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून वाचत आणि घंटा झाली की वाक्य होतं तिथेच सोडून निघून जात. दुसऱ्या दिवशी त्याच अर्ध्या वाक्यापासून सुरुवात. वर्गात आम्ही सहाजण होतो, पाच मुलगे आणि मी. त्या पाचांतले दोघे तर नियमानं झोपत.

आषाढातल्या एका दिवशी सर टिपणांशिवाय वर्गात आले. हातात एक जाड पुस्तक होतं. म्हणाले, "हे पुस्तक परीक्षेला नाही. म्हणून मी ते इथे वाचणार नाही. शनिवारी दुपारी चार वाजता माझ्या घरी वाचीन. ज्याला यायचं त्यानं यावं."

पुस्तक एका स्पॅनिश तत्त्वज्ञाचं होतं, इंग्रजीत उतरवलेलं. लेखकाचं नाव आम्हाला कोणालाच धड उच्चारता येईना. सरांनी दोनदा प्रयत्न केला आणि मग म्हणाले, "मलाही येत नाही. त्यानं काही बिघडत नाही."

घरी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, "पाच पोरं आणि तू एकटी? जायचं नाही." आत्या भाजी चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "एकटी नाई जात. मी जातो तिच्यासंग."

"तू तिथं जाऊन काय करशील, बाई?" वडिलांनी विचारलं.

"घरी काय करतो? वातीच वळतो ना? तिथं वळीन."

सरांचं घर धंतोलीत होतं. लहानसं, पुढे पेरूचं झाड. आम्ही बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसलो. आत्या आतल्या दाराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली आणि पिशवीतून कापूस काढून वाती वळू लागली. सर एक परिच्छेद मनातल्या मनात वाचत, क्षणभर डोळे मिटत आणि मग तो मराठीत सांगत. पुस्तकाचं मराठी भाषांतर करायचं त्यांच्या मनात होतं, त्याची ही तालीम होती. वर्गातल्या सरांचा आणि ह्या सरांचा काही संबंध नव्हता. आवाज वेगळा, डोळे वेगळे. तपकीर ओढायचीसुद्धा त्यांना आठवण राहिली नाही.

ते म्हणाले, "आपण आजवर जे तत्त्वज्ञ शिकलो ते सगळे 'मनुष्य' नावाच्या कोणाविषयी तरी बोलतात. त्या मनुष्याला गाव नाही, त्याला भूक लागत नाही, त्याची दाढ दुखत नाही. ह्या गृहस्थाचं म्हणणं असं, की मला असला मनुष्य कधी भेटलाच नाही. मला भेटतो तो अमक्या गल्लीतला तमका. आणि त्या तमक्याला मरायचं नसतं. इथून तो सुरुवात करतो."

एका मुलानं विचारलं, "मग सर, तो सिद्ध काय करतो?"

"काहीच नाही." सरांना ह्या उत्तराचा फार आनंद झालेला दिसला. "बुद्धी सांगते, तू संपणार. मन सांगतं, मी नाही संपणार. दोघांचा तंटा तो मिटवत नाही. त्याच्या मते हा तंटा घेऊनच जगायचं, आणि जगण्याला जो काही अर्थ आहे तो ह्या ओढाताणीतूनच येतो. आता तंटा प्रमेयात कसा मांडणार? म्हणून तो तत्त्वज्ञानाचा मास्तर असूनही गोष्टी लिहितो, नाटकं लिहितो, कविता लिहितो. त्यात माणूस एकाच वेळी दोन गोष्टी म्हणू शकतो."

तेवढ्यात उंबऱ्याकडून आवाज आला.

"काय जी मास्तर, हा माणूस आपल्याकडच्या कीर्तनाले कधी बसला का?"

मी लाजेनं मान खाली घातली. सर मात्र तिच्याकडे वळून बसले. "नाही, आत्याबाई. तो स्पेनचा. समुद्रापलीकडचा."

"नाई, म्हणून विचारलं. आमच्याकडे कीर्तनात सांगतात, देह म्हणजे जुनं लुगडं, फाटलं की टाकून द्यायचं. कोणी म्हणलं मले नाई टाकायचं, तर लोक त्याले हसतात. हा नाई हसून राहिला."

सरांनी पुस्तकात बोट ठेवलं. मग म्हणाले, "नाही. हा हसत नाही."

त्या दिवसापासून शनिवारी माझ्याआधी आत्या तयार असे. "आज स्पेनच्या मास्तरकडे जायचं ना वं?" दुपारी दोनपासून विचारणं सुरू. धंतोलीतल्या सरांना ती नुसतं मास्तर म्हणे आणि पुस्तकातल्या माणसाला स्पेनचा मास्तर. हळूहळू आमचा सगळा वर्ग त्याला त्याच नावानं ओळखू लागला. वाती वळताना ती मध्येच प्रश्न विचारायची. बहुतेक प्रश्न त्याच्या घरचे असत. त्याची बायको आहे का? भात खातो की पोळी? त्यानं असं लिहिलं तर तिकडचे पाद्री त्याच्यावर चिडले नाहीत का? सरांना ह्यातलं थोडंच ठाऊक होतं. पण ज्याचं उत्तर येत नसे ते ते वहीच्या कडेला टिपून ठेवत आणि पुढच्या शनिवारी वाचनालयातून काही सापडलं तर आधी तेच सांगत. आम्हाला ते इतकं मनावर घेत नसत.

एकदा ती डाळीचे गोळे घालून गोळाभात करून डब्यात घेऊन गेली. सर जेवताना म्हणाले, "माझी बायको गेल्यापासून हा खाल्ला नव्हता." आत्यानं विचारलं, "किती वर्स झाले?" "अकरा." ती म्हणाली, "मंग दर शनिवारी आणतो." आणि खरंच आणू लागली. आमचा अभ्यास साडेपाचला संपे आणि मग आठ माणसं गोळाभात खात.

भाद्रपदात एका शनिवारी सर उतरलेल्या चेहऱ्यानं बसले होते. वाचनालयात विलायती मासिकांचे जुने अंक चाळताना त्यांना कळलं होतं, की आमचा स्पेनचा मास्तर कधीच वारला. त्याच्या देशात यादवी पेटली होती, त्याच धामधुमीत. आम्ही वाचायला सुरुवात केली तेव्हासुद्धा तो जिवंत नव्हता.

"ज्याला इतकं मरायचं नव्हतं, तो!" एक मुलगा म्हणाला. कोणी हसलं नाही. आत्याच्या हातातली वात तशीच राहिली. सरांनी त्या दिवशी वाचलं नाही.

त्यानंतर आली सर्वपित्री अमावस्या. आमच्या गच्चीवर वडिलांनी पितरांची पानं ठेवली. ते खाली उतरल्यावर आत्या केळीच्या पानावर भात, वडे, कढी आणि भोपळ्याची भाजी घेऊन वर चढली. मी मागोमाग गेले.

"हे कोणाचं, आत्या?"

"स्पेनच्या मास्तरचं."

मला हसू आलं. "अगं, तो ख्रिस्ती. त्याला गोत्र तरी आहे का?"

"ज्याचं गोत्र ठावं नाई त्याचं काश्यप. भटजीच सांगतात." पान ठेवून तिनं पाणी फिरवलं आणि ती कावळ्याची वाट पाहत उभी राहिली. मला वाटलं, येतोय कसला. पण कावळा आला, लगेच आला, आणि आधी वडाच उचलला. आत्या म्हणाली, "पाह्य. भुकेला होता." हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते आधी मोठ्यानं हसले, मग उठून आतल्या खोलीत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीसाठी सरांनी आम्हाला एक काम दिलं. "जगण्याचा अर्थ ह्या विषयावर लिहून आणा. पण निबंध नको. तुम्ही पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या एका माणसाची गोष्ट लिहा. त्यात 'अर्थ' हा शब्द आला तर मी कागद परत करीन."

मी आठ दिवस नुसती बसून होते. मग मला आत्याचा नवरा आठवला. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं, पण त्यांची गोष्ट लहानपणापासून ऐकली होती. आमच्या सगळ्या नात्यात ती माहीत होती. ते गावच्या भजनाचे पुढारी होते, आवाज असा की दोन शेतांपलीकडे ऐकू जाई. तिशीतच त्यांना कावीळ झाली. अखेरच्या दिवशी त्यांनी सगळ्यांचा शांतपणे निरोप घेतला, हात जोडले आणि रामनाम घेत डोळे मिटले. गावात अजूनही मार्गशीर्षात त्यांच्या तिथीला भजन होतं आणि थोरले दीर ही हकिगत सगळ्यांना सांगतात, असं ऐकलं होतं. 'मरण यावं तर असं,' हे वाक्य आमच्या घरी त्यांच्यावरूनच रूढ झालं होतं.

मी ती गोष्ट लिहिली. मला लिहिताना भरून आलं. सुट्टी संपल्यावर पहिल्याच शनिवारी सरांनी ती मला मोठ्यानं वाचायला सांगितली. मी आत्याला आधी सांगितलं नव्हतं. तिला आनंद होईल, ती डोळे पुसेल, असं माझ्या मनात होतं.

मी वाचत गेले. शेवटच्या निरोपापर्यंत आले, हात जोडले, रामनाम घेतलं, तोच उंबऱ्याकडून आत्या म्हणाली, "बस कर."

मी थांबले.

"खोटं आहे ते. असं नाई झालं."

तिचा आवाज मी असा कधीच ऐकला नव्हता. सर मुलांना म्हणाले, "तुम्ही जा आज." मुलं निमूटपणे गेली. मीही उठू लागले, तर आत्या म्हणाली, "तू बस. तू लिहिलं ना? मंग ऐक."

आणि तिनं सांगितलं. सरांकडे न पाहता, माझ्याकडेही न पाहता, मांडीवरच्या कापसाकडे बघत.

"सकाळची वेळ होती. बागेतले संत्रे उतराले आले होते. त्यायले खिडकीतून झाडं दिसत. मी जवळ होती एकटी. त्यायनं माहं मनगट धरलं. असं धरलं की बांगड्या रुतल्या. म्हणाले, मले जायचं नाई. मले नाई जायचं वं, मले धरून ठेव. यंदाचा बहार पाहायचा आहे. गाय व्यायची आहे. उद्या कढी कर, मी दोन वाट्या पेईन. मी म्हणलं, करतो. तं म्हणाले, नाई, तू धरून ठेव. रडले. मोठ्यानं रडले. राम नाई म्हणलं, काईच नाई म्हणलं. माहं नाव घेत होते. नाव घेत घेत गेले. मंग थोरले भाऊजी दारातून आत आले, त्यायनं डोळे मिटवले, आणि बाहेर जाऊन लोकाइले सांगतलं, राम म्हणत गेला."

तिनं मांडीवरचा कापूस पिशवीत भरला.

"मले वाटलं, भाऊजीनं आवाज ऐकला नसन. मंग मी कशी सांगू? भजनाचा माणूस, अन् असा रडत गेला, असं बायकोनंच सांगायचं? त्याची लाज जाईन. मंग दर वर्सी तिथीले भजन. दर वर्सी भाऊजी सांगत, लोक हात जोडत, मी पाठीमागं बायाइत बसून ऐकत. मले वाटे, हे दुसऱ्याच माणसाचं सांगून राहिले. माहा माणूस कोठं गेला? पाच वर्स ऐकलं. मंग नाई ऐकवलं. म्हणून मी भावाकडं आली."

इतक्या वर्षांत कोणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं मला मिळालं.

सरांनी हळूच विचारलं, "आत्याबाई, आज का सांगितलंत?"

"तुमच्या स्पेनच्या मास्तरनं सांगतलं ना, की मरायचं नसनं ही काई लाजेची गोष्ट नाई म्हणून. एवढा शिकलेला माणूस. पुस्तकात छापलं त्यानं." आणि मग ती रडली. मला तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण सरांनी हातानं खूण केली, राहू दे. ती पुरतं रडून झाल्यावर त्यांनी स्वतः आतून पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला.

परत येताना टांग्यात ती माझा हात धरून बसली. "तुह्यावर रागावली नाई मी," एवढंच म्हणाली.

मी गोष्ट पुन्हा लिहिली. तिनं सांगितलं तशी, शब्द न् शब्द. सरांना ती इतकी आवडली की कॉलेजच्या वार्षिकात छापायची असं त्यांनी ठरवलं. मी आत्याला विचारलं. तिनं दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "छापू नोको. भाऊजीनं छापलेलं वाचलं तर त्यायले वाटन मी पाठीमागून दगड मारला. आधी मी जातो. तोंडावर सांगतो."

मार्गशीर्षातल्या तिथीला आम्ही दोघी गाडीनं कळमेश्वरला उतरलो. स्टेशनवर रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, आली होती. थोरले भासरे म्हणजे तिचे मोठे दीर स्वतः घ्यायला आले होते. सत्तरीचा वाकलेला, प्रेमळ म्हातारा. आत्यानं डोक्यावरून पदर ओढला आणि रेंगीत पाठमोरी बसली. त्यांच्याकडे सून भासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. तिनं आयुष्यात त्यांच्याशी एक वाक्यही थेट बोललेलं नव्हतं. ही बाई तोंडावर कसं सांगणार, असं मला वाटत राहिलं.

दुपारी बागेतच भजन झालं. झाडांना केशरी फळं लगडलेली होती. वीस-पंचवीस माणसं, त्यातले जुने भजनी आता चार-पाचच उरलेले. भजन संपल्यावर भासरे उठले आणि त्यांनी नेहमीची हकिगत सुरू केली. निरोप घेतला, हात जोडले, असं म्हणेपर्यंत बायकांतून आत्या उभी राहिली. डोक्यावरचा पदर तसाच होता.

"भाऊजी," ती म्हणाली. सगळे वळून बघू लागले. सुनेनं अशी हाक मारणंच आधी कोणाला पटेना. "भाऊजी, राम नाई म्हणलं त्यायनं. ते रडले. त्यायले जायचं नव्हतं. ही बाग सोडून जायचं नव्हतं. तुमच्या भजनातून जायचं नव्हतं. हे काई वाईट आहे का जी? ज्याले इथलं येवढं गोड लागलं, त्यानं काहून हात जोडून हसत जावं?"

भासरे तसेच उभे होते. मला वाटलं, आता ते ओरडतील. ते खाली बसले आणि म्हणाले, "मले ठावं आहे."

आत्यानं पदर मागे सारला. मला वाटतं त्या क्षणी तिनं पहिल्यांदाच त्यांचा चेहरा नीट पाहिला.

"मी दारातच होतो. सारं ऐकलं. माह्या पाठीशी माय उभी होती. तिले कमी ऐकू येत होतं. तिनं मले विचारलं, सुखानं गेला का रे? माह्या तोंडातून निघून गेलं, राम म्हणत गेला. मायनं छातीवर धरलेला हात सोडला. मंग लोकाइनं विचारलं, तेच सांगतलं. मंग दर वर्सी सांगत राहिलो. माय होती तोवर तिच्यासाठी. माय गेल्यावर कोणासाठी सांगत होतो, ते मलेच नाई ठावं." मग आत्याकडे बघून म्हणाले, "तू ऐकत बसली होती ते पाहत होतो मी. तुही माफी मांगायची होती. पण तुह्याशी बोलू कसा?"

जुन्या भजन्यांतला एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "लेकाले गाण्याचा लय शौक होता गा. त्याले कशाले जायचं होतं?" दुसऱ्यानं त्यांच्या खोड्या सांगायला सुरुवात केली. पखवाज भिजला तेव्हा काय झालं, वरातीत घोडी कशी बिथरली. माणसं हसू लागली. माझ्या जन्माआधी गेलेला तो माणूस मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसला. आत्या तोंडाला पदर लावून इतकी हसत होती की तिचे खांदे हलत होते.

नागपूरला परतल्यावर मी सगळं सरांना सांगितलं. माझा प्रश्न होता तो असा, की आता गोष्टीत बरोबर कोण? खरं सांगणारी आत्या, की आईसाठी खोटं बोललेले भासरे?

सर पुष्कळ वेळ तपकिरीची डबी बोटांत फिरवत राहिले. "वर्गात विचारलं असतंस तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं," ते म्हणाले. "इथे देत नाही. दोघांनाही तुझ्या गोष्टीत ठेव आणि दोघांवरही प्रेम कर. त्याहून जास्त मला ह्या पुस्तकातूनही कळलेलं नाही."

तिसऱ्यांदा लिहिलेली गोष्ट वार्षिकात छापून आली. आत्याच्या परवानगीनं आणि भासऱ्यांच्याही. ते म्हणाले होते, "छाप. पण माह्या मायले वाईट म्हणू नोको." मला परीक्षेत तत्त्वज्ञानात बेताचेच गुण मिळाले. वडिलांनी वार्षिकाचा तो अंक मात्र कचेरीत नेला आणि चार दिवस परत आणला नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, मी जबलपूरला गेले. मुलं पास होऊन आपापल्या वाटेला लागली. सरांचं भाषांतर कधी पुरं झालं नाही, कारण प्रत्येक वाक्य आत्याला विचारून बदलायची त्यांना सवय लागली होती. शनिवारचं वाचन मात्र चालू राहिलं. आता वडील तिला पोचवायला जात आणि तिथेच बसत. आणि संत्र्यांच्या हंगामात दोन महिने आत्या सासरी राहू लागली. भासऱ्यांशी ती आता समोरासमोर बोलत असे, आणि घरचे म्हणत, जरा जास्तच बोलते.

लढाईच्या दिवसांत भासरे वारले. आत्याचं पत्र आलं. तिनं सांगितलेलं, सरांनी लिहून घेतलेलं. सरांचं अक्षर वळणदार, पण मजकूर तिच्याच तोंडचा, एक शब्दही सुधारलेला नव्हता.

'भाऊजी गेले. पंधरा दिवस आजारी होते. शेवटी भ्याले. मले म्हणाले, मले भेव वाटून राहिलं. मी म्हणलं, भ्या जी, भ्यायची काय लाज. मी जवळच होती. आता तुहं सांग. तुह्या सासूचा गुडघा कसा आहे? तिले एरंडाचं पान गरम करून बांध म्हणा. पोराले खोकला असन तर संत्र देऊ नोको. जबलपुरात संत्र कसं भेटते ते लिव्ह, अन् मास्तरले जवाब पाठव, ते वाट पाहतात.'

मी त्याच दुपारी दोन पत्रं लिहायला बसले, एक तिला आणि एक सरांना.